मल्टिप्लेक्समधले शो ठरवणाऱ्यांना खुलं पत्र : माझे २०२५ चे आवडते पिक्चर आणि तुमची वेळ

नमस्कार साहेब, नमस्कार मॅडम,

तुमचं नाव मला माहीत नाही. पण कुठल्या स्क्रीनला कुठला पिक्चर, किती वाजता आणि किती दिवस, हे कुठल्यातरी ऑफिसात बसून कोणीतरी ठरवत असणारच ना, त्या माणसांना हे पत्र आहे. दारावरच्या पोरांना विचारून काही होत नाही, ते म्हणतात काका हे वरून येतं, आमच्या हातात काही नाही. म्हणून वरच्यांनाच लिहितोय.

मी नाशिकला राहतो, अंबड एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, सकाळी ७ ते साडेतीन, एक आठवडा सेकंड, साडेतीन ते रात्री १२. सुट्टी शनिवारी. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तिची सुट्टी रविवारी. मुलगी अकरावीला, आई पंच्याहत्तरीची. हे सगळं घरचं रडगाणं म्हणून सांगत नाहीये, पुढे वेळेचा विषय येणार आहे म्हणून आधी सांगून ठेवतो. पिक्चर मला लहानपणापासून लागतो. ज्या त्र्यंबकेश्वरात दादासाहेब फाळके जन्मले ते माझ्या घरापासून तासाभराच्या आत आहे, त्यांची कंपनीसुद्धा नाशकातच होती, त्यामुळे आमच्याकडे पिक्चर बघणं हा रिकामा उद्योग आहे असं मला कोणी म्हणू नये. यंदा थेटरात ३१ पिक्चर बघितले. हल्ली कागदाचं तिकीट मिळत नाही तर मी एका जुन्या डायरीत तारीख, वेळ, सोबत कोण होतं आणि थेटरात अंदाजे किती माणसं होती ते लिहून ठेवतो. वर्षअखेरीला ती डायरी काढून बसलो, यंदाचे आवडते पिक्चर कुठले ते बघायला, आणि मग लक्षात आलं की आवडत्या पिक्चरच्या पुढे माणसांचा आकडा सगळ्यात कमी आहे, आणि शोची वेळ सगळ्यात वाईट.

फेब्रुवारीपासून सुरू करतो. 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' २८ फेब्रुवारीला आला. रीमा कागतींचा. मालेगाव आमच्याच जिल्ह्यातलं, माझे मोठे मामा तिथे नोकरीला होते, उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही जायचो तेव्हा रात्रभर यंत्रमागांचा खडखडाट ऐकत झोपायचो आणि शुक्रवारी माग बंद असले की सगळं गाव थेटराकडे निघालेलं असायचं, लाइनीत मारामाऱ्या व्हायच्या तिकिटासाठी. नासिर शेख नावाच्या माणसाने त्या गावात घरचे मित्र गोळा करून, लग्नाच्या शूटिंगचे कॅमेरे वापरून 'मालेगाव के शोले' बनवला होता ही खरी गोष्ट, आणि त्यांच्यावर २००८ मध्ये एक डॉक्युमेंटरीही आली होती. नव्या पिक्चरमध्ये आदर्श गौरव आहे, विनीत कुमार सिंग आहे, आणि शशांक अरोराने जो शफीक, म्हणजे पडद्यावर यायची आस असलेला मागावरचा कामगार, केलाय ना, तो बघताना माझ्या घशात आवंढा आला. कारण असा एक शफीक आमच्या कंपनीत आहे, पॅकिंगला आहे, आवाज असा की ऐकत राहावं, आणि कोणी कधी त्याला स्टेजवर उभं केलं नाही. मी त्याला म्हटलं चल दाखवतो. सोमवारी बोललो, बुधवारपर्यंत संध्याकाळचा शो निघून गेला होता. तेव्हा 'छावा' जोरात चालू होता, तो मी आईला घेऊन बघितला, रडलो पण, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण छावाला गर्दी वाढली तेव्हा ठिकठिकाणी मध्यरात्रीचे आणि भल्या पहाटेचे शो लावले गेले ते मी वाचलंय, म्हणजे वेळापत्रक वाकवता येतं. मनात आणलं की येतं.

आता 'स्थळ'. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण वर्षातला माझा पहिला नंबर हाच.

जयंत सोमलकरांचा हा पिक्चर ७ मार्चला आला. २०२३ मध्ये टोरांटोच्या फेस्टिव्हलला दाखवला गेला होता, तिथे त्याला नेटपॅक अवॉर्ड, म्हणजे आशियाई पिक्चरसाठीचं बक्षीस, मिळालं, आणि मग दीड वर्षाने आपल्यापर्यंत पोचला. विदर्भातल्या डोंगरगावात शूट झालाय, कामं केलेली बहुतेक माणसं तिथलीच, नंदिनी चिकटे नावाच्या मुलीने सविता केलीये. गोष्ट एवढीच की मुलगी शिकतेय, तिला स्पर्धा परीक्षा द्यायचीये, बाप कापूस पिकवतो, भाव मिळत नाही, आणि घरात एकामागून एक पाहुणे येतात मुलगी बघायला. सुरुवातीला सविताला एक स्वप्न पडतं, त्यात बायका बसल्यात आणि त्या मुलाला बघतायत, त्याला प्रश्न विचारतायत. थेटरात हसले लोक. नंतर तेच प्रश्न खऱ्यात सविताला विचारले जातात, नाव काय, शिक्षण किती, उंची किती, पुन्हा दुसरे पाहुणे, पुन्हा तेच पोहे, तेच स्टूल, तीच उंची, आणि प्रत्येक वेळी हसणं कमी कमी होत गेलं. शेवटी शेवटी तर एसीचा आवाज ऐकू येत होता.

मी २००६ साली मुली बघायला जायचो. बायकोच्या आधी सात मुली बघितल्या. मामा, काका, मी, एक मध्यस्थ, अशी गाडी करून जायचो, पोहे खायचो, आणि मामा विचारायचा उंची किती ताई. मी मान खाली घालून बसायचो आणि मला वाटायचं की लाजायचं काम माझंही आहे, माझ्यावरही वेळ आलीये. सात घरी कळवतो म्हणून सांगितलं आणि त्यातल्या दोन घरी तर कळवलंसुद्धा नाही. हे मला एकोणीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं हो. पिक्चर बघताना सविताच्या आईचा चेहरा दिसला, पाहुणे गेल्यावर कपबश्या उचलताना, आणि मला त्या दोन घरांपैकी एका घरातल्या आईचा चेहरा लख्ख आठवला. निफाडकडचं घर होतं, दारात द्राक्षाचे क्रेट लावलेले होते.

सुटल्यावर गाडी पार्किंगमधून काढेपर्यंत बायको काही बोलली नाही. मुंबई नाक्याच्या सिग्नलला म्हणाली, तुमच्या आधी मला अकरा जणांनी बघितलं होतं. एवढ्या वर्षांच्या संसारात हा आकडा मला पहिल्यांदा कळला. मग ती एकेक सांगत गेली, कोणी चालून दाखव म्हटलं होतं, कोणी चष्मा काढायला लावला होता, एकाने तर तिच्या धाकट्या बहिणीलाच पसंत केलं होतं. आम्ही घरी न जाता गंगापूर रोडला चहा प्यायला थांबलो आणि तिथे रात्री सव्वाअकरापर्यंत बसलो. मुलगी घरी एकटी होती तिचे तीन फोन येऊन गेले. मी बायकोला सॉरी म्हटलं, तिच्यासाठी नाही, त्या सात जणींसाठी, कारण त्यांना म्हणायला आता कुठे जाऊ. आणि घरी आल्यावर तिने मुलीला उठवून सांगितलं की तुझं असलं काही होणार नाही.

साहेब, त्या शोला आम्ही नऊ जण होतो. तो आठवड्यातला एकच संध्याकाळचा शो होता जो आम्हा दोघांना जमला, नशीब की माझी तेव्हा फर्स्ट शिफ्ट होती. पुढच्या शुक्रवारी मी माझ्या मेव्हणीला पाठवणार होतो, तिच्या मुलीसाठी सध्या स्थळं बघतायत, तर ॲपवर एकच शो, सकाळी दहा वीसचा. सकाळी दहा वीसला डबे असतात, शाळा असते, ऑफिस असतं. मुलगी बघायला येणारे पाहुणेसुद्धा सकाळी दहाला येत नाहीत. ज्यांची ही गोष्ट आहे त्यातलं कोणीही त्या वेळेला येऊ शकत नाही, आणि मग तुमच्या कॉम्प्युटरवर आकडा येणार की चार तिकिटं गेली, बघा, मराठी पिक्चरला प्रेक्षक नाही.

१ मेला दोन मराठी पिक्चर एकाच दिवशी आले, 'आता थांबायचं नाय' आणि 'गुलकंद', आणि समोर हिंदीतला 'रेड २'. यात तुमचा दोष नाही हे मी मान्य करतो, निर्मात्यांनी आपापसात बोलायला पाहिजे, सप्टेंबरच्या १२ तारखेला तर तीन मराठी एकदम आले. दोन ताटं एकदम वाढली तर जेवणार कसं माणूस. गुलकंद आम्ही सगळे मिळून बघितला, समीर चौघुले आणि सई ताम्हणकर, आई खूप दिवसांनी एवढी हसली, त्याबद्दल एवढंच. पण 'आता थांबायचं नाय' बद्दल सांगायलाच पाहिजे. शिवराज वायचळचा पिक्चर, मुंबई महापालिकेतले चौथ्या श्रेणीतले कामगार एका अधिकाऱ्याने मागे लागल्यामुळे रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, खऱ्या घटनेवरून घेतलाय. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव, ओम भुतकर, किरण खोजे, आणि अधिकारी झालेत आशुतोष गोवारीकर. दोघा जाधवांना आपण इतकी वर्षं हसण्यासाठी बघतो, आणि इथे ते झाडू मारून, गटारात उतरून थकलेल्या अंगाने वहीत अक्षर काढतात ते बघवत नाही.

हा पिक्चर मी आमच्या कंपनीत हाउसकीपिंगला असलेल्या एका ताईंना दाखवला. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. वय ४६, नववीत लग्न झालं. मी, बायको आणि त्या, तिघं. त्या आयुष्यात पहिल्यांदा मल्टिप्लेक्सला आल्या होत्या, सरकत्या जिन्यावर पाय ठेवेनात, बायकोने हात धरला. इंटरव्हलला काही खाल्लं नाही, पाणी पण नाही, नुसत्या पडद्याकडे बघत बसल्या होत्या, पडद्यावर जाहिराती चालू होत्या तरी. परीक्षेचा भाग आला तेव्हा त्यांनी पदर तोंडात धरला. चार दिवसांनी त्या माझ्याकडे क्यूसी रूममध्ये आल्या आणि विचारलं, साहेब तो बाहेरून दहावीला बसायचा १७ नंबरचा फॉर्म कुठे भरतात. आता भरलाय. फेब्रुवारीत दहावीला बसतायत, बायको रविवारी गणित घेते त्यांचं, बीजगणित जमतंय, भूमितीला घाबरतात. आणि हा शो कसा मिळाला सांगू? दोन वेळा बुक केला, एकदा दुपारीच मेसेज आला की शो रद्द, पैसे परत मिळतील. पैसे आले परत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्या ताईंनी सुपरवायझरकडून दोन तासांची सूट मागून घेतली होती, ती कोण परत देणार? तिसऱ्या वेळेला जमलं, कारण दुसऱ्या आठवड्यात लोकांनी एकमेकांना सांगितलं, माउथ पब्लिसिटी झाली आणि शो वाढले. समजा वाढले नसते तर.

जूनमध्ये 'जारण', हृषीकेश गुप्तेंचा. अमृता सुभाष आणि अनिता दाते. मी भीतीचे पिक्चर बघत नाही, हा बघितला आणि रात्री गच्चीचं दार लावलंय का ते दोनदा बघून आलो. त्याच दिवशी, ६ जूनला, 'हाऊसफुल ५' होता, तरीही जारण टिकला. कसा टिकला? तर लोक बोलले. मराठी माणूस पहिल्या दिवशी धावत नाही साहेब, त्याला शेजारच्याने सांगावं लागतं, मावशीचा फोन यावा लागतो, व्हॉट्सॲपला कोणीतरी लिहावं लागतं, मग तो रविवार बघतो, मग मुलांच्या परीक्षा बघतो, मग निघतो. आणि तो निघेपर्यंत तुमचा शुक्रवार येतो. पुढच्या आठवड्याचे शो बुधवार-गुरुवारपर्यंत ॲपवर दिसतच नाहीत, तर दहा माणसांनी मिळून जायचं ठरवायचं कसं, मला एकदा समजावून सांगा.

'दशावतार' आला आणि माझं म्हणणं खरं ठरलं. सुबोध खानोलकरांचा पिक्चर, कोकण, दशावतारी नाटक, खाणीचा प्रश्न, आणि दिलीप प्रभावळकर. त्यांचा जन्म १९४४ चा, म्हणजे ८१ वर्षांचा माणूस त्या रंगलेल्या चेहऱ्याने, मुकुट घालून, अंधारात, पाण्यात, जंगलात उभा राहतो आणि आपल्याला वय आठवतच नाही. बाबुली मेस्त्री हे त्या पात्राचं नाव. मुलाला वाटतं बापाने आता थांबावं, आणि बापाला सोंग उतरवता येत नाही. माझ्या आईने त्यांना टीव्हीवर टिपरेंच्या घरातले आबा म्हणून बघितलंय, ती थेटरात मोठ्याने म्हणाली, अहो हे आबा आहेत. पुढच्या लाइनीतल्या बाई वळून म्हणाल्या, हो ना. आमच्या बिल्डिंगमधून १४ जण गेलो होतो, संध्याकाळी साडेसहाचा शो, हाऊसफुल्ल, माणसं इंटरव्हलला अनोळखी लोकांशी बोलत होती. हा प्रेक्षक कुठून आला? तो इथेच होता की. त्याला साडेसहाचा शो मिळाला म्हणून आला.

आणि त्याच्या पुढच्याच शुक्रवारी, १९ सप्टेंबरला 'साबर बोंडं'. रोहन कानवडेचा पहिला मोठा पिक्चर. अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलला गेलेला पहिला मराठी कथापट, आणि तिथून जागतिक विभागाचं ग्रँड ज्युरी प्राइज घेऊन आला. एवढं मोठं घडलं, आणि माझ्या शिफ्टला जमेल असा एकही शो मला घराजवळ मिळाला नाही. आई तेव्हा बहिणीकडे डोंबिवलीला होती, मी शनिवारी सकाळी पंचवटी एक्स्प्रेस धरली आणि ठाण्यात आईबरोबर बघितला. आईला काय आहे ते आधी सांगितलं नव्हतं, म्हटलं गावाकडचा आहे. मुंबईत राहणारा आनंद वडील वारल्यावर दहाव्यापर्यंत गावी येऊन राहतो, नातेवाईक लग्नाचं विचारत राहतात, आणि तिथे त्याला त्याचा लहानपणीचा मित्र बाळ्या भेटतो. भूषण मनोज, सूरज सुमन, आणि आईच्या कामात जयश्री जगताप. मागे संगीत नाही. कॅमेरा एका जागी थांबतो आणि आपल्यालाही थांबायला लावतो, शेळ्यांचे आवाज, भांड्यांचे आवाज, कोणीतरी लांबून हाक मारलेली. माझे वडील २०२१ मध्ये गेले. त्या दहा दिवसांत घरात जी शांतता असते, माणसांनी भरलेल्या घरातली, ती मी पडद्यावर पहिल्यांदा बघितली. दोन पुरुषांचं प्रेम आहे म्हणून आई उठून जाईल का अशी मला धाकधूक होती. ती बसून राहिली. बाहेर आल्यावर रिक्षात म्हणाली, बरं झालं त्या पोराला आई चांगली आहे. आणि थोड्या वेळाने, तुझ्या वडिलांनाही असं कोणी बोलायला असतं तर बरं झालं असतं. म्हणजे काय ते मी विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही. पण विचारणार आहे.

ही पंच्याहत्तर वर्षांची, सिन्नर तालुक्यातल्या खेड्यात वाढलेली बाई. असा पिक्चर हिच्यासाठी नाही असं तुमच्यातल्या कोणीतरी आधीच ठरवून टाकलं असणार, तसं ठरवू नका एवढंच सांगायचंय.

'होमबाउंड' २६ सप्टेंबरला आला, हिंदी आहे, नीरज घायवानचा. न्यूयॉर्क टाइम्समध्ये २०२० साली बशारत पीर यांनी लिहिलेल्या खऱ्या घटनेवरून. चंदन आणि शोएब, दोघं मित्र, दोघांना पोलीस भरतीत जायचंय, एक दलित, एक मुसलमान, विशाल जेठवा आणि ईशान खट्टर. पुढे सुरतेच्या गिरणीत जातात आणि लॉकडाऊन लागतो. यावर मी फार लिहू शकणार नाही. मे २०२० मध्ये आम्ही कंपनीतले सात-आठ जण पास काढून मुंबई-आग्रा हायवेला विल्होळीजवळ पाण्याचे जार आणि बिस्किटं घेऊन उभे राहायचो. कसारा घाट चढून माणसं यायची, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, चपला तुटलेल्या. एकाने मला विचारलं होतं भैया इंदौर कितना दूर है, आणि मी सांगितलं चारशे, आणि तो ठीक है म्हणून निघाला. पिक्चरमध्ये रस्त्यावरचा भाग सुरू झाला तेव्हा मला त्याचा ठीक है ऐकू आला. आपल्या देशाने हा पिक्चर ऑस्करला पाठवला आणि डिसेंबरात ऑस्करने निवडलेल्या पंधरा पिक्चरच्या यादीत तो आला. आमच्याकडे दुसऱ्या आठवड्यात मला तो शोधूनही सापडला नाही.

एक पिक्चर यादीत घालता येत नाही, कारण बघताच आला नाही. 'गोंधळ', संतोष डावखरांचा, १४ नोव्हेंबरला लागला. तेव्हा माझी सेकंड शिफ्ट होती, सकाळचा शो नव्हता. पुढचा आठवडा फर्स्ट शिफ्टचा, तर शोच नव्हता. आणि त्याच महिनाअखेरीला गोव्यात इफ्फीमध्ये, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिव्हलमध्ये, त्याला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा रौप्यमयूर मिळाला. बातमी कॅन्टीनमध्ये वाचली. आमच्या देवीचा गोंधळ, त्यावरचा पिक्चर, गोव्यात जगभरच्या लोकांनी बघितला आणि मी नाही बघितला. मला खरंच वाईट वाटलं. ओटीटीवर येईल म्हणतील लोक, येईलही, पण संबळ मोबाईलच्या स्पीकरवर ऐकायचं का?

डिसेंबरात 'धुरंधर' मीही बघितला. 'उत्तर' पण बघितला, क्षितिज पटवर्धनचा, रेणुका शहाणेंनी आई केलीये, रात्री सव्वादहाचा शो, बायको दुसऱ्या दिवशी शाळेत पेंगली. वर्ष एकूण चांगलं गेलं, पिक्चर चांगले आले, हे मी ठामपणे सांगतो. यंदा मराठीत काही नव्हतं असं कोणी म्हणालं तर मी डायरी दाखवतो.

आता मागणं. नियम बियम मला सांगू नका, नियम मी वाचलेत. २०१५ मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सला मराठी पिक्चर प्राइम टाइमला लावायला सांगितलं, आधी संध्याकाळी ६ ते ९ म्हणाले, मग काही दिवसांतच ते दुपारी १२ ते रात्री ९ झालं. म्हणजे मंगळवारी दुपारी सव्वाबाराचा शो कागदावर प्राइम टाइम. कोणाचा? त्या वेळी मी मशीनवर असतो, बायको वर्गावर, ताई फरशी पुसत असतात. मला एवढंच पाहिजे की नवीन मराठी पिक्चर लागला की शहरात निदान एका ठिकाणी त्याचा एक शो संध्याकाळी ६ ते ७ च्या मध्ये सुरू होणारा, रोज त्याच वेळेला, त्याच स्क्रीनला, दोन आठवडे हलवायचा नाही. छोटी स्क्रीन द्या, ऐंशी-नव्वद सीटांची, चालेल. दोन आठवडे आधीच जाहीर करा म्हणजे माणसं ठरवतील. आणि त्या एका शोचं तिकीट शंभर रुपये ठेवून बघा, २२ सप्टेंबरपासून शंभरपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, पण आमच्याकडे शंभरचं तिकीटच नाही तर तो कमी झालेला टॅक्स कोणाच्या कामाचा. चार माणसांचं कुटुंब आठशे-हजार घालवायच्या आधी दहा वेळा विचार करतं, चारशेत निघेल. आणि बुक झालेला शो रद्द करू नका. चार माणसं आली तर चार माणसांना दाखवा, त्या चारांतूनच पुढच्या रविवारचे चाळीस येतात, दशावतारच्या वेळी आमच्या बिल्डिंगमध्ये आधी फक्त तळमजल्याचे दोघं बघून आले होते.

१ जानेवारीला, गुरुवारी, हेमंत ढोमेचा 'क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम' लागतोय. मराठी शाळेचा विषय आहे. बायको मराठी शाळेत शिकवते, आई मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली, आणि ताई मराठीतूनच दहावीला बसतायत, त्यांनी सुट्टीचं आधीच विचारून ठेवलंय. त्या आठवड्यात माझी फर्स्ट शिफ्ट आहे. मी, बायको, मुलगी, आई, ताई आणि त्यांचा मुलगा, सहा जण आहोत. साडेसहाचा लावा, आम्ही येतो.

आपला,
अंबड एमआयडीसीतला एक प्रेक्षक
नाशिक, २८ डिसेंबर २०२५